माशीला पातं लावा की राव

फ्लाय फिशिंगवाली, म्हणजे हुकाला पिसांची खोटी माशी बांधून मासे धरणारी, काही मंडळी लई सोवळी असतात, त्या पिसांच्या माशीला स्पिनरचं, म्हणजे ओढलं की गरगर फिरणारं धातूचं, पातं लावलं की त्यांच्या लेखी ती बाटलीच. बाटू दे. पावसाळा सरता सरता पंचगंगेच्या बंधाऱ्यापाशी पाणी चहाच्या रंगाचं असतंय, त्यात नुसती पिसांची माशी मरळीला दिसणार कशी, सांगा. पातं फिरलं की पाणी थरथरतं आणि माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी पार्श्वरेषा असते तिला ती थरथर कळते, डोळ्याला दिसायच्या आधी.

आता पातं कुठलं ते महत्त्वाचं, कारण बरेच जण नुसती चकाकी बघून घेतात. कोलोरॅडो गोलसर असतं, तारेपासून बाहेर फाकून फिरतं, अगदी सावकाश ओढलं तरी फिरतं आणि थरथर सगळ्यात जास्त, म्हणून गढूळ पाण्याला हेच. विलो लीफ लांबट, तारेला धरून भराभरा फिरतं, चमक भरपूर पण थरथर कमी. इंडियाना दोन्हीच्या मधलं. हुपरीत पैंजण घडवणारा एक ओळखीचा आहे, तो मला पितळेच्या पत्र्यातून पाती ठोकून देतो, खोलगटपणा असा काढतो की विकतचं झक मारावं.

जोडणी सोपी आहे. बारीक स्टीलच्या तारेवर क्लेव्हिसमधून (पातं तारेवर टांगायची छोटी कडी) पातं, खोलगट बाजू तारेकडं, त्याच्या खाली मणी म्हणजे क्लेव्हिस अडकत नाही, मग थोडं वजन आणि शेवटी माशीचा हूक. तार वाकली की पातं नीट फिरत नाही, एवढं बघा. माशी मी वूली बगर नावाचीच बांधतो, शेपटीला मॅराबू म्हणजे मऊ भुसभुशीत पीस आणि अंगावर गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून, फुकटात मिळतात चिकनवाल्याकडं (तो अजून माझ्याकडं संशयानंच बघतो). पातं माशीपेक्षा मोठं घेऊ नका.

तसं ह्यात नवीन काही नाही, फ्रान्सची मेप्स कंपनी १९३८ पासून फिरती पाती विकतेय आणि मागच्या हुकाला केस बांधलेले त्यांचे स्पिनर जगभर चालतात.

फ्लाय रॉडवर मात्र हे नको, पातं हवा धरतं आणि फेकीची सगळी लय जाते, साधा हलका स्पिनिंग रॉड बरा. आणि पात्याच्या पुढं हातभर अंतरावर स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी कडी, लावाच, नाहीतर दोरीला असा पीळ बसतो की संध्याकाळ तो सोडवण्यातच जाते. उन्हाळ्यात पाणी निवळलं की मी पातं काढून नुसती माशी टाकतो, तेव्हा ते सोवळेवाले पण खूश.