एकच काम दोनदा: स्विफ्टला लोअर स्प्रिंग बसवताना

माझी स्विफ्ट २०१३ ची, डिझेल. बाबांनी घेतलेली, नंतर माझ्याकडे आली. जालन्यात राहतो, गावाकडे जाणं-येणं सतत, त्यामुळे रनिंग ९६ हजारांवर गेलेलं. चारही शॉकअप (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) कंपनीतून आले तेच. गाडी थोडी खाली घ्यायची, वळणावर कमी झुकावी, ही इच्छा कॉलेजपासूनची होती. मागच्या दिवाळीत पुण्याहून ३० मिलिमीटर खाली घेणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या.

गॅरेजवर चाचांनी स्प्रिंगांचं खोकं उघडलंसुद्धा नाही. आधी बोनेटचा डावा कोपरा दोन्ही हातांनी दाबला आणि सोडला. शॉकअप धड असेल तर गाडी एकदा वर येऊन बसते. माझी त्यानंतरही दोनदा डोलली. मग चाक काढून दाखवलं. शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओलसर थर, त्यावर चिकटलेली धूळ.

“पोरा, स्प्रिंग नवी अन् शॉकअप मेलेला, हे जमायचं नाही. पैसे नसतील तर दोन महिने थांब. आजच कामून टाकायलास?”

पैसे खरंच नव्हते. पण स्प्रिंगा हातात होत्या आणि मला राहवलं नाही. आता बसवू, शॉकअप पगारानंतर, असं मी ठरवलं. चाचांनी नाराजीनेच पाना उचलला.

मागचं काम सोपं निघालं. या गाडीला मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, ब्रेकच्या पाइपवर ताण येऊ न देता मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी बीम खाली घेतली, की स्प्रिंग हाताने निघते. पुढे मात्र शॉकअप स्प्रिंगच्या आतच असतो. गाडी घोडीवर घेतली, लिंक रॉड सोडला, ब्रेक पाइपचा क्लॅम्प काढला, नकलचे, म्हणजे चाक धरणाऱ्या सांध्याचे, दोन बोल्ट काढले, तेव्हा कुठे अख्खा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप, बाहेर आला. आता वरचा नट. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जबडा फोडेल एवढा जोर तिच्यात असतो. चाचा दोन्ही बाजू आळीपाळीने थोडं थोडं आवळत होते आणि मला समोर उभं राहू देत नव्हते. घरी कोणी हे दोरी-तार बांधून करत असेल तर हात जोडून सांगतो, करू नका.

नवी स्प्रिंग बुटकी असल्यामुळे आणखी एक गोष्ट तपासावी लागली: चाक हवेत लोंबकळतं तेव्हाही ती आपल्या बैठकीत धरलेली राहते का. सैल राहिली तर खड्ड्यानंतर तिरकी बसू शकते. माझी नीट धरलेली होती.

गाडी उभी असताना सुरेख दिसत होती. त्याच संध्याकाळी अंबडच्या बाजूला निघालो. मुख्य रस्ता सोडून गावाच्या फाट्याला लागलं की दोन्हीकडे मोसंबीच्या बागा, आणि खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, रस्ता लाटांसारखा होतो. पहिल्याच लाटेवर नाक खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली. तिसऱ्या लाटेला खालून ठक्क आवाज आला. गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे शॉकअप पूर्ण दाबला की अडवणाऱ्या रबरावर, आदळली होती. ताशी ५० चा वेगही नव्हता.

कारण नंतर नीट समजलं. स्प्रिंग दणका पोटात घेते, पण तितक्याच जोराने परत फेकतेही. ते फेकणं आवरायचं काम शॉकअपचं: तेल पिस्टनच्या बारीक वाटांतून ढकललं जातं आणि तो जोर उष्णतेत मुरतो. माझ्या नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा कडक, म्हणजे परतीचा जोर जास्त, आणि आवरणारा थकलेला. त्यात गाडी खाली आल्यामुळे दाबायला जागाही कमी उरली.

तीन आठवडे तशीच चालवली. डावा शॉकअप पूर्ण गळायला लागला. पुढच्या टायरवरून तळहात फिरवला तर खड्डे-उंचवटे हाताला लागत होते. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारत होतं, त्याची ती खूण. भर पावसात ब्रेक मारायची वेळ आली असती तर काय झालं असतं, या विचाराने मला आजही अस्वस्थ वाटतं. गाडीत आई बसत होती.

मग उसने पैसे घेऊन चारही शॉकअप आणले, खाली घेतलेल्या गाडीला चालणारे, गॅसचे. सोबत वरचे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप आणि धुळीची रबरी टोपी. पुढचं सगळं पुन्हा खोललं, मजुरी पुन्हा दिली. जुना शॉकअप चाचांनी माझ्या हातात देऊन दांडा ओढायला लावला. निम्म्या अंतरापर्यंत काहीच अडवत नव्हतं, सायकलच्या फुटक्या पंपासारखं.

गाडी खाली आली की चाकांचा कोन बदलतो, म्हणून लगेच अलाइनमेंट केली. टो बराच बाहेर गेला होता, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं बाहेर वळली होती. ५०० किलोमीटरनंतर स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा केली. हेडलाइटचा झोतही तेव्हाच जुळवून घेतला.

त्यानंतरच्या मंगळवारी आईला मत्स्योदरीच्या दर्शनाला अंबडला नेलं. परतताना मुद्दाम गावच्या फाट्याने आलो. प्रत्येक लाटेवर गाडी एकदाच खाली जाऊन जागेवर येत होती. शाळेजवळचा गतिरोधक तेवढा अजून तिरका घ्यावा लागतो, नाहीतर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर घासतं.