तुम्ही विचारलंत म्हणून: जेवायला जाताना काय न्यावं?

"जेवायला बोलावलंय, काय घेऊन जाऊ?" हे मला पूर्वी बायकाच विचारायच्या, हल्ली त्यांचे नवरेही फोन करतात. मलाच का, तर आमच्याकडे पंगती सतत उठत असतात. लोकांनी आणलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, ते माझ्या ओट्याला आणि माळ्याला चांगलं ठाऊक आहे.

तुम्ही बेल वाजवता तेव्हा त्या घरातली बाई काय करत असते, ते आधी बघा. हात कणकेत, कुकरची शेवटची शिट्टी व्हायची आहे, कोशिंबिरीत दही घालायचं राहिलंय आणि आतून कोणीतरी "आले का गं?" विचारतंय. नेमक्या त्या वेळी तुम्ही तिच्या हातात कागदात गुंडाळलेला हातभर लांब बुके देता. फुलदाणी माळ्यावर, स्टुलावर चढायला वेळ नाही, मग बुके बाथरूममधल्या बादलीत उभा राहतो. आइस्क्रीमचा फॅमिली पॅक आणलात तर त्याला जागा करायला फ्रीजरमधले मटार बाहेर. म्हणून मी एवढंच बघते: दिलेल्या वस्तूचं त्या घटकेला तिला काही करावं लागणार आहे का? लागणार असेल, तर ती वस्तू दुकानातच राहू द्या.

फुलांशी माझं वाकडं नाही. ज्या नाशिकला कधीकाळी गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं गाव म्हणत, तिथे राहून कसं असेल? पण बुकेऐवजी गजरा न्या. उन्हाळ्यात मोगऱ्याचा, घट्ट ओवलेला, कळ्या अजून मिटलेल्या. फुलवाल्याकडून पानात बांधून घ्या. ती तो डब्यात टाकून फ्रीजमध्ये ठेवेल, नाहीतर तिथल्या तिथे माळेल. गजरा माळत नसेल तर सोनचाफ्याची चार फुलं न्या, वाटीत ठेवली की झालं.

जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मात्र नाशिककराने दुसरा विचारच करू नये. द्राक्षं! "इथे काय, द्राक्षं सगळ्यांकडेच असतात," असं म्हणणारे असतात. असतात हो, पण चांगली नसतात. घोस घेताना वरचा मणी चाखू नका, अगदी खालच्या टोकाचा चाखा. घोस वरून खाली पिकत येतो, तेव्हा टोकाचा मणी गोड लागला तर सगळा घोस गोड. द्राक्ष तोडल्यावर आणखी गोड होत नाही, त्यामुळे "दोन दिवस ठेवा, गोड होतील" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. देठ हिरवा हवा. मण्यावर जो पांढुरका थर असतो तो फळाचा स्वतःचाच असतो, तो पुसून चकचकीत करू नका. आणि धुऊन नेऊ नका, ओली द्राक्षं लवकर खराब होतात. ज्याची त्याने खाताना धुवावीत. हंगाम नसेल तेव्हा चांगले बेदाणे न्या, ते महिनोन्महिने टिकतात.

वाईनबद्दल मला हळू आवाजात विचारतात. त्यात हळू बोलण्यासारखं काय आहे? आपल्या नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, आता नाशिक व्हॅली वाईनला भौगोलिक मानांकनही आहे. पण घर माहीत असेल तरच न्या. देव्हाऱ्यासमोरच्या टीपॉयवर बाटली ठेवून सगळ्यांनी छताकडे बघत बसायचं, हा प्रसंग मी पाहिलेला आहे. नेलीत तर "ही तुमच्यासाठी, सवडीने उघडा," म्हणा. शेनिन ब्लाँसारखी पांढरी वाईन थंडगार प्यायची असते. ती आल्या आल्या उघडायची म्हटलं की परत फ्रीज, परत मटार.

शोभेच्या वस्तू नकोतच. संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटलेल्या वाणाने तिचं कपाट आधीच भरलंय. काहीतरी टिकाऊच द्यायचं असेल तर भांडी बाजारात जा आणि पितळेची छोटी पळी किंवा तांब्याचं फुलपात्र घ्या. नाव घालून घेणार असाल तर तिचं घाला. आपल्याकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची रीत आहे. मग ती पाहुण्यांना पाणी देते आणि पाहुणे तुमचं नाव वाचतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली भेट विचाराल तर ती दुसऱ्या दिवशीची. एका मैत्रिणीने जाताना ओट्यावर पिशवी ठेवली आणि म्हणाली, "हे उद्या सकाळचं, आज उघडायचं नाही." आत कोंडाजीचा चिवडा, घरचं लिंबाचं लोणचं आणि चहाची पुडी. रात्री उशिरापर्यंत भांडी आवरलेल्या बाईला सकाळी नाश्त्याला काय करू हा विचार करावा लागला नाही, यापरतं सुख काय सांगू.

घरोबा असेल तर "काय आणू?" विचारूच नका. "काही नको, तुम्ही फक्त या," हेच उत्तर येणार. दोन दिवस आधी फोन करून "पोळ्या मी आणते" असं सरळ सांगा. नुसतं विचारलंत तर ती नाही म्हणेल, सांगितलंत तर सुटकेचा निःश्वास टाकेल. पोळी-भाजी केंद्रातून आणल्यात तरी चालतील, तुम्ही लाटल्यात का हे कोणी विचारत नाही. नव्या ओळखीत मात्र हे करू नका, तिला वाटेल तुम्हाला तिच्या पोळ्यांवर भरवसा नाही.

निघताना ती उरलेलं काहीतरी डब्यात घालून देईल. एकदा "अहो, कशाला" म्हणा आणि घ्या, फार ताणू नका. डबा आठवड्याच्या आत परत करा. रिकामा द्यायचा नाही हे तुम्हाला माहीत आहेच, काही सुचलं नाही तर साखर घाला. आणि झाकण तिचंच आहे ना, तेवढं बघून घ्या.