श्रीलंका: तळी, हत्ती आणि सिगिरिया

श्रीलंका म्हटलं की कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, गाले असा अख्ख्या बेटाला वळसा घालायची घाई असते. आम्ही आटपाडी-विट्याच्या मंडळींनी तो बेत सोडला आणि हबरणा या गावी एकाच ठिकाणी मुक्काम टाकला. सिगिरियाचा कातळावरचा किल्ला, दांबुल्लाची लेणी, पोलोन्नारुवाची जुनी राजधानी, मिन्नेरियाचं जंगल सगळं तिथून जवळ. रोज बॅगा भरायच्या नाहीत, वयस्कर माणसं दमत नाहीत.

गाईड मात्र घ्याच, आणि सरकारी परवान्याचं ओळखपत्र बघूनच. आम्ही त्याला आधीच सांगितलं होतं: आम्ही दुष्काळी भागातले, आम्हाला पाणी कसं साठवलंय ते दाखवा. त्यामुळे पोलोन्नारुवा सुरू झालं ते राजवाड्यापासून नव्हे, तर पराक्रम समुद्राच्या बांधावरून. बाराव्या शतकात पराक्रमबाहू राजाने वाढवलेला हा तलाव आजही भातशेती भिजवतो. इथल्या जुन्या तलावांत बांधाला लागून विहिरीसारखा चौकोनी दगडी हौद असतो, बिसोकोटुवा. त्यात पाण्याचा जोर मोडतो आणि हवं तेवढंच पाणी खाली सोडता येतं. राजेवाडी तलावाखाली रान असलेले आमचे काका हे सगळं खोदून खोदून विचारत राहिले. मिन्नेरियाचा तलाव तर तिसऱ्या शतकातल्या महासेन राजाचा. पाणी दिलं म्हणून लोक त्याला देव मानून पुजतात. मला हे फार भावलं.

हत्तीही याच तलावाच्या पुण्याईवर. ऑगस्ट-सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस, तिथे मात्र कोरडा हंगाम असतो. पाणी मागे सरतं, उघड्या पडलेल्या गाळात कोवळं गवत येतं आणि कळपच्या कळप उतरतात. जीप दुपारनंतरची घ्या. हत्ती कधी शेजारच्या कौडुल्लात सरकतात, म्हणून कुठलं जंगल ते आधी पक्कं करू नका, त्या दिवशी जीपवाल्यालाच विचारा. पिल्लं असतील तर गाडी लांबच थांबवायला सांगा.

सिगिरियाला दार उघडताच पोचा, उन्हात सुमारे १,२०० पायऱ्या जड जातात. भित्तिचित्रांचे फोटो काढू देत नाहीत. कड्यावर गांधीलमाश्या आहेत, आरडाओरडा नको. गुडघे दुखत असतील तर पायथ्याच्या बागांतच रमा. पाचव्या शतकातली तिथली कारंजी पावसाळ्यात अजून उडतात.

मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. सिगिरिया, पोलोन्नारुवाला तो दाखवला की भारतासह सार्क (दक्षिण आशियाई) देशांच्या नागरिकांना तिकीट स्वस्त पडतं. व्हिसाचे नियम बदलतात, बुकिंगआधी सरकारी संकेतस्थळावर बघा. देवळांत खांदे-गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. दुपारी फरशी भाजते, जाड मोजे न्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका. पौर्णिमेला सुट्टी असते, देवळांत गर्दी उसळते.

शाकाहारी असाल तर नारळाच्या चटणीबद्दलही विचारून घ्या. तिच्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा असतो.