भजनी मंडळ आहे की, मग घरी कशाला जाता?

उदास, गप्प झालेल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला त्यांच्या घरी कशाला जायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर ठाण्यात कचराळी तलावावर सकाळी चालताना कोणी ना कोणी हे विचारतंच आणि मी हसून पुढे जाते. अहो, विरंगुळा केंद्रात जे येतात ना त्यांच्यात निदान चपला घालून जिना उतरायची उमेद असते. डिप्रेशनवाला माणूस उतरतच नाही, मग कोणीतरी वर चढायला नको का?

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाई गेल्यावर गप्प झाले, आम्ही म्हणायचो वयच आहे, गुडघे दुखतात. आणि एक दिवस कळलं की रेडिओचे सेल संपून महिने झालेत, आणि बातम्यांशिवाय चहा न घेणारा हा माणूस त्याबद्दल चकार शब्द बोलला नव्हता. मी सेल आणायला निघालेच होते, पण घरी यायच्या त्या ट्रेनिंग घेतलेल्या ताईंनी मला थांबवलं. त्यांनी अण्णांनाच विचारलं, सेल आणायचे तर काय काय करावं लागेल? कॅलेंडरच्या मागे अण्णांच्याच अक्षरात लिहिलं गेलं, सोमवारी फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत. पुढच्या आठवड्यात ताईंनी विचारलं, झालं का, तर नव्हतं झालं. बरं, मग मंगळवारी काय जमेल? ओरडा नाही, उपदेश नाही, मला तर राग येत होता इतकं सावकाश चाललेलं.

हे उगाच गप्पा मारणं नाहीये हो. गोव्यात साठीपुढच्या 181 जणांवर याचा अभ्यास झालाय, 2019 ला छापून आला. अजून पूर्ण डिप्रेशन नाही पण लक्षणं आहेत अशी माणसं, आणि त्यांच्याशी बोलणारे डॉक्टर नव्हेत, शिकवून तयार केलेली साधी माणसं. अडचणी सोडवायची पद्धत, झोपेचं वेळापत्रक, शुगर सांभाळणं, सरकारी योजनांसाठी मदत, सगळं त्यात. वर्षभरात ही मदत मिळालेल्या 91 पैकी 4 जणांना मोठं डिप्रेशन आलं, नेहमीचीच काळजी मिळालेल्या 90 पैकी 13 जणांना.

गोळ्या लागतात तिथे लागतातच, मी काही डॉक्टर नाही. आणि कोणी मरायचं बोलायला लागलं तर 'म्हातारपणी असं बोलतातच' म्हणू नका, लगेच डॉक्टर गाठा, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 आहेच, फुकट.

अण्णा पाचव्या आठवड्यात खाली गेले. आणले पेन्सिल सेल, रेडिओला लागतात मोठे. दुकानदाराच्या नावाने बडबडत स्वतःच परत जिना उतरले, मी म्हटलं मी जाते, तर म्हणाले, तुला नाही कळायचं त्यातलं.