सिंह बघायचा राहिला

भाची आणंदच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकते. आज सकाळी तिला सेव उसळ खाऊ घालून बडोद्याच्या कमाटीबागेत, प्राणिसंग्रहालयात नेलं, म्हटलं सिंह बघू. बाईसाहेबांची नजर मात्र फाटकाबाहेरच्या भटक्या कुत्र्यावर!

"मामा, त्याच्या डोळ्यांतली चिपडं बघितलीस? नाकही वाहतंय. डिस्टेंपर असू शकतो."

मग उभ्या उभ्याच माझा तास झाला. 2018 मध्ये गीरच्या एका भागात महिन्याभरात 20 हून जास्त सिंह गेले, त्यांतल्या काहींत या डिस्टेंपरचाच विषाणू सापडला. 1994 मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत तर साधारण 1000. कुत्र्याचा आजार आणि मेला सिंह! वर हा विषाणू गोवराचा चुलतभाऊ, गुरांच्या बुळकांडीचाही.

बुळकांडी म्हटल्यावर मला आजी आठवली. गोठा रिकामा झाल्याची गोष्ट ती नेहमी अर्ध्यावर सोडायची. तो रोग 2011 मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, देवीनंतर दुसराच, हे मला आज कळलं. वय वर्षं 58! त्यावर लस शोधणारी उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरची पशुवैद्यकीय संस्था मुळात 1889 मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेली, हेही.

कुत्र्याचा फोटो तिने सरांना पाठवलाय. उत्तर यायचंय.