ग्लायडरचं शेपूट मी तीनदा बनवलं

परभणीकडचं आमचं शिवार सपाट. डोंगराची कड नाही, त्यामुळे ग्लायडर, म्हणजे रिमोटवर चालणारं बिनइंजिनाचं छोटं विमान, रबराच्या लांब दोरीनं ताणून वर सोडायचा आणि वर उठणाऱ्या तापल्या हवेच्या झोतात राखायचा. ज्वारी निघाली की मार्च-एप्रिलात काळी रानं अशी तापतात, की अकराच्या सुमारास वावटळी उठू लागतात. घारी कुठं गिरक्या घेतात ते बघायचं आणि ग्लायडर तिकडं वळवायचा. हे जमावं म्हणूनच मी दोन मीटर पंखांचा ग्लायडर बांधायला घेतला.

पंखावर तीन महिने घालवले. शेपूट मात्र डोळ्यांना बरं दिसेल तेवढं कापलं. पहिल्याच उड्डाणात पुतण्या ओरडला, "काका, शेपूट लई वळवळायलंय!" खरंच होतं. नाक वर, नाक खाली, अशा लाटा घेत तो चालला होता आणि वळताना मागची बाजू डावी-उजवीकडं झोलपटत होती. टायरच्या दुकानातून चाकाच्या बॅलन्सिंगचं शिसं आणून नाकात भरलं. लाटा कमी झाल्या, पण ग्लायडर असा जड आणि पळणारा झाला, की झोतात घट्ट गिरकी घेणं त्याला जमेना.

तेव्हा कुठं वही घेऊन बसलो. पहारीनं धोंडा उचकटताना हात जितका लांब धरू तितका जोर कमी लागतो. शेपटाचंही तेच. त्याचं क्षेत्रफळ आणि पंखापासूनचं अंतर यांचा गुणाकार मोजायचा. आडव्या शेपटासाठी त्याला पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची सरासरी रुंदी यानं भागायचं, उभ्यासाठी पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची एकूण लांबी यानं. या आकड्याला टेल व्हॉल्यूम म्हणतात. अशा ग्लायडरला आडव्याचा ०.३५ ते ०.६ आणि उभ्याचा ०.०२ च्या आसपास लागतो.

माझा पंख ४,००० चौरस सेंमी, रुंदी २० सेंमी. आडवं शेपूट ३०० चौरस सेंमी, अंतर ६० सेंमी. भागाकार आला ०.२२५. उभं शेपूट १२० चौरस सेंमी, त्याचा आला ०.००९, म्हणजे हवं त्याच्या निम्म्याहून कमी. वळवळीचं कारण कागदावर समोर होतं. शिसं भरून मी नुसतं दुखणं दाबत होतो.

दुसऱ्या वेळी पंख आणि शेपूट जोडणारी कार्बनची नळी लांब घेतली. अंतर ८० सेंमी, आडवं ४५०, उभं २२०. आकडे आले ०.४५ आणि ०.०२२. एक्सएफएलआर५ या विमानाचा हिशोब करणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरमध्येही घालून पाहिलं. विमानशास्त्राचे प्राध्यापक मार्क ड्रेला यांच्या एक्सफॉइल या पंखाचा छेद तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर बेतलेलं ते सॉफ्टवेअर नवशिक्यानंही शिकून घ्यावं असं माझं मत आहे, पण हा गुणाकार आधी हातानं करावा. त्यानं विषय अंगात मुरतो.

हे शेपूट हवेत छान वागलं, तरी दोन गोष्टी नडल्या. पहिली उन्हाची. सकाळी आठला जुळवलेला ट्रिम, म्हणजे ग्लायडर सरळ उडावा म्हणून केलेली बारीक जुळणी, दुपारी एकला बिघडायचा, नाक वर काढून ग्लायडर ढेपाळायचा. सर्वो, म्हणजे शेपटाची पट्टी हलवणारी छोटी मोटर, बदलला, बॅटरी बदलली, फरक शून्य. शेवटी मोटारसायकलवर ठेवलेला ग्लायडर हातात घेतला तर इलेव्हेटर, म्हणजे आडव्या शेपटाची हलणारी पट्टी, आपोआप मिलिमीटरभर वर आलेला. सर्वोपासून शेपटापर्यंत जाणारी दांडी नायलॉनची होती. ऊन लागलं की ती लांबायची आणि कार्बनची नळी मात्र जवळपास तेवढीच राहायची. दांडीही कार्बनची बसवली आणि तो त्रास कायमचा गेला.

दुसरी गोष्ट धसकटांची. ज्वारी काढलेल्या रानात उतरताना खाली असलेलं आडवं शेपूट धसकटात अडकलं आणि मुळातून निघालं.

म्हणून तिसरं शेपूट व्ही आकाराचं, आडव्या-उभ्याऐवजी वर उचललेली दोन तिरपी पानं. त्यात क्षेत्रफळ वाचतं असं पुष्कळांना वाटतं, पण साध्या हिशोबात ते वाचत नाही. ४५० आणि २२० मिळून ६७० लागतात, म्हणजे एकेक पान ३३५ चौरस सेंमी. कोनही यातूनच निघतो. २२० ला ४५० नं भागून वर्गमूळ काढलं की ०.७ येतं, हा कोनाचा टॅन्जंट, म्हणजे आडव्या रेषेपासून ३५ अंश. दोन पानांमधला कोन ११० अंश झाला. पुतण्याच्या कंपासपेटीतल्या कोनमापकानं आखून सुताराकडून लाकडी साचा कापून घेतला, पानं त्यात टेकवली आणि रात्रभर डिंक वाळू दिला.

वजनाबाबत मी आता फार कडक झालोय. बाल्सा या हलक्या लाकडाच्या तीन मिलिमीटर जाड अखंड फळीची दोन पानं सोनाराच्या काट्यावर ४३ ग्रॅम भरली. ती बाजूला ठेवली, पातळ काड्यांची चौकट करून त्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म इस्त्रीनं चिकटवली, तेव्हा २६ भरलं. मागचे १७ ग्रॅम वाचले. शेपटाचं अंतर ८० आणि नाकातल्या शिशाचं २५, त्यामुळे पुढचं ५४ ग्रॅम शिसं काढता आलं.

मग डाइव्ह टेस्ट. उंचावर नाक खाली करून रिमोटची कांडी सोडून द्यायची. ग्लायडर झटकन वर उसळला तर तोल, म्हणजे वजनाचा मध्य, फार पुढं, आणखी खाली खुपसू लागला तर फार मागं. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ६.५ सेंमीवर होता, तो थोडा थोडा मागं घेत ७.५ वर आणला. तिथं तो अलगद, सावकाश वर आला.

एप्रिलातल्या एका दुपारी घारींच्या खालीच झोत सापडला. कांडीवर बोट जवळजवळ न हलवता सहा-सात गिरक्या झाल्या आणि पुतण्या डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिला. त्याला आता दीड मीटरचा ग्लायडर करायचाय. लाकडी साचा मी त्याच्यासाठी जपून ठेवलाय, आणि शेपटाचा गुणाकार तो आज संध्याकाळी करून आणणार आहे.