पिवळी पडलेली ती काच

बोट तारकर्लीची, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारी. पावसाळ्यात किनाऱ्यावर शाकारून ठेवण्याऐवजी काकांनी ती यंदा थेट माझ्या शेडमध्ये आणली. फायबरचं काम नेहमीचंच होतं. खरा प्रश्न पुढच्या काचेचा. ती इतकी पिवळी आणि धुरकट झाली होती की सकाळच्या उन्हात समोरचं जाळ्याचं बोयंसुद्धा दिसेना.

काका म्हणाले, "ही ॲक्रेलिकची, म्हणान पिवळी झाली. आता माका फुटूची नाय अशी काच होयी, पॉलिकार्बोनेटची."

दोन्ही खरं तर पारदर्शक प्लॅस्टिकच, पण मला शंका आली. स्क्रूजवळचा एक तुकडा कापला आणि वाकवून पाहिला. ॲक्रेलिक असतं तर कट्कन तुटलं असतं. हा दुमडला, पण तुटला नाही. मग चिमट्यात धरून लायटर लावला. काळा धूर, काजळीची भुरभुर, आणि लायटर बाजूला करताच ज्योत विझली. शेजारी ॲक्रेलिकचा तुकडा पेटवला, तो तडतडत शांतपणे जळतच राहिला, फळासारखा गोडसर वास सोडत. काका दोन्ही तुकडे हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. जी पिवळी पडली, तीच पॉलिकार्बोनेटची होती, तीही वरचा, उन्हापासून वाचवणारा यूव्ही थर नसलेली.

पॉलिकार्बोनेट मार खाण्यात सगळ्यांत सरस, हे खरंच. गस्तीच्या बोटीला मी तेच सुचवेन. पण दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या उघड्या बोटीला उन्हाचाच धोका मोठा, आणि उन्हात ॲक्रेलिक वर्षानुवर्षं नितळ राहतं. थर दिलेलं पॉलिकार्बोनेट मिळतं, पण ते गरम करून वाकवलं की थराला तडे जाण्याची भीती असते, आणि काकांच्या काचेला चांगलाच बाक होता. काकांच्या मुलाला वायपर हवा होता, आणि वायपरने प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात, म्हणून टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेल्या, काचेचाही विचार झाला. तिचं वजन दुपटीहून जास्त, बाकासाठी वेगळा साचा, आणि एकदा टफन केली की भोक पाडता येत नाही. ते बारगळलं.

शेवटी ६ मिमीचं कास्ट, म्हणजे साच्यात ओतून केलेलं, ॲक्रेलिक घेतलं. यात भोकं फार महत्त्वाची. सव्वा मीटरची पट्टी तापमानातल्या ३० अंशांच्या फरकाने अडीच मिमीच्या आसपास लांबते. म्हणून ५ मिमीच्या स्क्रूला ८ मिमीचं भोक, खाली रबरी वॉशर, आणि स्क्रू हातानेच, बेताने आवळलेला. ड्रिलची धार घासून बोथट केली, नाहीतर बाहेर पडताना ती कडेचा टवका उडवते. फटीत न्यूट्रल, म्हणजे ॲसिड न सोडणारं, सिलिकॉन.

बोट नेताना काकांना एकच गोष्ट बजावली: काचेला थिनर, पेट्रोल किंवा अमोनियावालं क्लीनर लावायचं नाही, त्याने आत बारीक चिरा पडतात. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मगच मऊ कापड. सुकं फडकं तर अजिबात नाही.